पाचवा हात

जानेवारीत थंडर बेमध्ये लांबी वाळत नाही.
हीटर लावा, पंखा लावा.
रेइनो हालोनेनच्या तळघरात तर मुळीच नाही,
कारण भिंतीपलीकडे सौना,
आणि शनिवारचा सौना बंद राहणार नाही
हे लेम्पीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं.
सिनेमा तुझा, वाफ माझी.

भिंतीला कान असतात म्हणतात.
हिचे आम्ही बुजवले:
दुहेरी चौकट, मधे दगडी लोकर,
वर ड्रायवॉलचे दोन थर, थरांच्या मधे हिरवा गोंद
केकमधल्या क्रीमसारखा.
दार लावलं की स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येते.
मला ते सोसलं नाही.
दुसऱ्या दिवशी रेडिओ आणला.

माझं काम सांधे मिटवायचं.
टेप, लांबी, थापी, घासकागद,
एकवीस वर्षं.
चांगलं जमलं तर
कुणाला कळत नाही की इथे मी होते.

रेइनोला पाच हात हवे होते.
म्हटलं, अहो, वरून काळा रंग देणार,
कोळशासारखा, जराही चकाकी नसलेला,
आणि दिवे मालवून बसणार.
तीन पुरेत. कोण येतंय बघायला?
तो म्हणाला, पाच, ओडेट.
चौतीस वर्षं त्यानं बंदराजवळच्या थिएटरात
मागच्या खोपटात उभ्यानं रिळं चालवली.
आता तिथे टायरचं गोदाम आहे.
"लोकांना वाटतं, सिनेमा पडद्यावर असतो."
एवढंच बोलला, आणि कॉफी ओतायला गेला.

चौथा हात घासून झाला त्या दिवशी
खोलीतली हवाच पांढरी झाली होती.
त्यानं बल्ब मालवला,
टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरला.
आडव्या उजेडात भिंतीला खोटं बोलता येत नाही.
दोन फुगवटे, खालच्या कोपऱ्यात एक ओरखडा.
राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.
मग हात दुखला असेल, मनगट वळलं,
आणि झोत मागून पुढे
सरळ खोलीभर गेला.

धूळ.
माझीच, सकाळपासून उडवलेली,
झोतात चढणारी, कलणारी, पुन्हा चढणारी.

टॉर्च हलेना.
"सिगारेटी," तो म्हणाला.
"बाल्कनीत सगळेच ओढायचे. असंच दिसायचं वरून.
असंच."
मी व्हॅक्यूमच्या बटणावर बोट ठेवलेलं.
"थांब जरा."

लांबीच्या दोन रिकाम्या बादल्या उपड्या घातल्या.
बसलो. मास्क हनुवटीखाली.
समोर भिंतीवर उजेडाचा वेडावाकडा गोल,
त्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं,
आणि धूळ मात्र चालली होती,
कुठेतरी वेळेवर पोचायचंय अशी.

लेम्पी जेवायला हाका मारत होती,
तीन मारल्या म्हणे.
आम्हाला एकही ऐकू आली नाही.
भिंती उत्तम झाल्या होत्या.
शेवटी खाली आली, दार उघडलं,
खांद्यावर टॉवेल, केस ओले,
तिच्याबरोबर थोडी वाफही झोतात शिरली.
बघत राहिली.
"ह्याच्यासाठी एवढे पैसे?"
तिसरी बादली भरलेली होती.
झाकण दाबून ती तिच्यावर बसली.
रेइनोनं टॉर्च ह्या हातातून त्या हातात घेतला,
झोत न हलवता. त्याची सवय.

पाचवा हात मंगळवारी दिला.
काळा रंग त्याचा त्यानं लावला,
प्रोजेक्टर टांगायला पुतण्या यायचा होता.
मी बिल ठेवलं, बादल्या गाडीत टाकल्या.

घरी आले. माझ्या न्हाणीघरात, टबाच्या वर,
एक सांधा तीन वर्षं तसाच आहे,
टेपचं टोक सुटलेलं.
दिवा मालवला. फोनचा उजेड
भिंतीला टेकवून आडवा धरला.

सगळं दिसलं.
पाणी सोडलं, आणि वाफ येईपर्यंत
तशीच उभी राहिले, फोन धरून.